खांबावरचं नाव

मुंबई बंदरातली जुनी वखार पाडली, तेव्हा तिचा सागवानी खांब धर्माजींनी विकत आणून पिंपळवंडीच्या गोठ्यात रोवला. धर्माजी गेले, खांब राहिला. परवा त्यांच्या बायकोला, कुशाबाईला, वारसा जपणाऱ्या संस्थेतल्या तेजस्विनीचा फोन आला, "आजी, खांबावर वखारीचं नाव कोरलंय ना? ते बघायला उद्या येते."

कुशाबाईला वाटलं, नाव बघणार म्हंजी हक्क सांगणार! तिनं तडक सुताराला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनी गोठ्यात आली अन् बघतच राहिली. रंधा मारून वखारीचं नाव घालवलेल्या गुळगुळीत खांबावर, भांड्यांवर घालतात तसं ठसठशीत नाव होतं, 'कै. धर्माजी यांच्या स्मरणार्थ'.

"आता सांग पोरी, कुणाचा हाय खांब?"

"तुमचाच, आजी." तेजस्विनीनं कॅमेरा पिशवीत ठेवला. "हे नाव जुनं झालं की फोटो काढायला येते, शंभर वर्षांनी."