अक्षरांना हुडहुडी

“काका, हा डबा टीव्ही अजून भंगारात कसा नाही गेला? आमच्या घरचा उद्या चाललाय!” ‘विचारून दाखव’ म्हणून मैत्रिणींनी डिवचलं, तेव्हा केतकीनं गावच्या केबल चॅनलच्या कचेरीत घुगेकाकांना विचारलंच.

काकांनी तिनं बातम्यांसाठी केलेलं हलतं शीर्षक त्याच डब्यावर लावलं. लॅपटॉपवर अलगद सरकणारी अक्षरं इथे हुडहुडी भरल्यासारखी थरथरली. संध्याकाळी सातच्या बातम्यांत ती अख्खं गाव बघणार होतं!

“टीव्हीवर चित्र एकाआड एक ओळींनी उमटतं, पोरी. आधी एक, तीन, पाच; मग दोन, चार, सहा. तू हा क्रम उलटा लावलास. लॅपटॉपवर ही चूक दिसत नाही, डब्यावर लगेच दिसते.”

तिनं ओळींचा क्रम बदलून रेंडर, म्हणजे शीर्षकाची फाइल तयार करणं, पुन्हा लावलं. सातला पाच कमी, तरी नव्वदच टक्के!

सातला अक्षरं अलगद सरकली. तिनं लगेच घरी फोन लावला.

“आई, बाबा, आपला डबा भंगारात जाणार नाही. माझ्या टेबलावर बसणार!”