भाऊसोंचा मृत्युलेख

स्वतःचा मृत्युलेख वाचायला भाऊसो सावंत सकाळच्या एसटीनं जतहून सांगलीत आले आणि संपादक चिंतामणराव केळकरांच्या दारात उभे राहून म्हणाले, "मी अजून हाय."

दार उघडणाऱ्या वल्लरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिचीच होती. आजोबांचं साप्ताहिक बंद झालं होतं आणि घरातले सगळे कागद त्यांनी गावातल्या वाचनालयाला द्यायचं ठरवलं होतं. ते लावताना तिला 'मृत्युलेख' अशी चिठ्ठी चिकटवलेली फाईल सापडली, आणि तिच्यात भाऊसोंच्या नावाचं पान. घरच्यांना एक प्रत हवी असेल, अशा भल्या विचारानं तिनं काल त्यांच्या घरी फोन केला. "कैलासवासी भाऊसोंवर आजोबांनी लिहिलेला लेख आहे," ती म्हणाली. फोन कैलासवासींनीच उचलला होता.

आजोबा माणसं जिवंत असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहून ठेवत, हे तिला कुठून माहीत असणार? अंक गुरुवारी निघायचा. बुधवारी कुणी गेलं तर धावाधाव नको, म्हणून चिंतामणरावांनी आसपासच्या तालुक्यांतली बडी मंडळी आधीच लिहून ठेवली होती. मरण सांगून येत नाही, पण अंक वेळेवर निघावाच लागतो.

"बसा भाऊसो," चिंतामणराव आरामखुर्चीतून म्हणाले. "तब्येत बरी दिसते."

"ते तुमच्या कागदाला सांगा."

वल्लरीनं पान आणून दिलं. भाऊसोंनी चष्मा चढवला आणि ते ओठ हलवत वाचायला लागले. पंचायत समितीचे सभापती होते, ते आलं होतं. दुष्काळात जनावरांची छावणी चालवली, तेही आलं होतं. त्यांची मान डोलू लागली. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. 'मुलींच्या वसतिगृहासाठी आपली जमीन देतो असे त्यांनी भरसभेत जाहीर केले व कोनशिलाही बसवली. पुढे कालव्याचे पाणी आले, जमिनीचा भाव वाढला आणि वसतिगृह राहून गेले.'

"एवढं खोडा," भाऊसो म्हणाले.

"खोटं आहे का?"

"खरं हाय म्हणून तर आलोय. खोटं असतं तर वकील धाडला असता."

"खरं असेल ते मी खोडत नाही."

"आवं, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू न्हाई म्हंत्यात."

"तुम्ही कुठं मेलाय?"

वल्लरीला हसू आवरेना, म्हणून ती चहा टाकायला आत गेली. भाऊसो मात्र हसले नाहीत. पान गुडघ्यावर ठेवून त्यांनी भिंतीलगत रचलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"आमची नात, क्रांती, औंदा दहावीला हाय," ते म्हणाले. "लय वाचती. फुडल्या साली कालेजाला हितंच यील. वाचनालयात जाईलच की. तिच्या वर्गातल्या वस्तीवरच्या पोरी निम्म्या शाळा सोडून बसल्या. लांबनं चालत यायच्या, मग घरच्यांनी बंद केलं. ती मला इचारती, आबा, रानातल्या त्या दगडावर तुमचं नाव कशाला हाय? मी म्हंतो, अभ्यास कर."

चिंतामणरावांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मजकूर बदलायची सवय त्यांना नव्हती. असती तर साप्ताहिक आणखी दहा वर्षं चाललं असतं.

"भाऊसो, घडलेलं लिहायचं हे माझं काम. घडवायचं काम तुमचं. तुम्ही ते बदला, मी वाक्य बदलतो."

खाली रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. वाचनालयाची माणसं कागद न्यायला आली होती. भाऊसोंनी खिडकीतून टेम्पो पाहिला, पुन्हा हातातल्या पानाकडे पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"जयराज, मी बोलतोय. त्या दगडापासनं वढ्यापतोर उसाची लागण करू नगंस. व्हय, सगळंच रान. बेणं आलं आसलं तर वरच्या तुकड्यात लाव. आन वकिलाला सांग, बक्षीसपत्र करायचंय. शाळंच्या नावानं."

पलीकडून मुलाचा चढलेला आवाज वल्लरीला चहाचा कप ठेवतानासुद्धा ऐकू आला. भाऊसोंनी तो संपेपर्यंत ऐकून घेतला.

"डोकं ठिकाणावर हाय माझं," ते शांतपणे म्हणाले. "क्रांती शाळंतनं आली की तिलाबी सांग." फोन खिशात टाकून त्यांनी पान चिंतामणरावांच्या पुढ्यात ठेवलं. "आता लिवा."

"एक फोन केला म्हणजे वसतिगृह होत नाही, भाऊसो."

भाऊसोंनी पान आणखी पुढं सरकवलं.

"मग पेन्सिलीनं लिवा."

चिंतामणरावांनी आयुष्यभर शाईनंच लिहिलं होतं आणि साप्ताहिक बंद झाल्यापासून तर एक ओळही लिहिली नव्हती. जिन्यावर हमालांची पावलं वाजली. कुठून सुरुवात करायची, असं एकानं दारातून विचारलं.

"ते गठ्ठे सगळे न्या," चिंतामणराव म्हणाले. मग त्यांनी भाऊसोंचं पान उचलून मांडीवर घेतलं. "वल्लरी, घरात पेन्सिल आहे का बघ गं कुठं."