आधी चावी

कारंजा गावातल्या कैलासचंदजींच्या वेबसाइट होस्टिंग कंपनीचे सगळे लिनक्स सर्व्हर यूसरानंच उभे केले अन् पोटच्या लेकरासारखे सांभाळले. मालकांचा मुलगा अर्पित तिच्या हाताखाली शिकायला आला, तेव्हा पहिला धडा तिनंच दिला. "ज्याले कामावरून काढायचं, त्याची लॉगिनची चावी आधी रद्द करायची, मंग त्याले सांगायचं. नाहीतर रागाच्या भरात मानूस काहीबी करते."

आज सकाळी ती घरून लॉगिन करायला बसली, तर सर्व्हरनं तिचीच चावी नाकारली. तिनं तडक फोन लावला.

"अर्पित, सर्व्हरमंदी कोनीतरी घुसलं! माही चावी चालून नाही राह्यली!"



"कोनी नाही घुसलं, दीदी. तुमी ऑफिसात या, पप्पाले तुमाले काही सांगायचं हाये."