मुठीतलं मशीन

लोहारानं कानातलं मशीन काढायला हात वर नेला आणि गल्लीतली कुत्री उठून चालती झाली.

कुत्र्यांना बाकी काही कळो न कळो, एवढं कळत होतं. घण मारमारून लोहाराचे कान ऐन जवानीत गेले. तेव्हापासून ते बोटाच्या पेराएवढं मशीन म्हणजे त्याचा जीव की प्राण. एक वेळ जेवण राहील, पण मशीन नाही. ते तो काढायचा झोपताना, नाहीतर कुणाला बडवताना. एकदा कुणाचा तरी उलटा फटका कानावर बसला आणि आधीच्या मशीनचा भुगा झाला. मग त्यानं रीतच पाडली. मशीन काढायचं, मागे उभ्या बायकोच्या तळहातावर ठेवायचं आणि मग हात उचलायचा. मशीनही शाबूत, वर समोरच्याची बोंब ऐकायची कटकट नाही.

बायको ते मुठीत मिटायची. सुरू असलेलं असलं मशीन मुठीत कोंडलं की शिट्टी मारतं, बारीक आणि लांबलचक. गल्लीला ती शिट्टी पाठ होती. चौकातून आली की लोक बघायला धावायचे. लोहाराच्या बंद दारामागून आली की आपापल्या खिडक्या लावून घ्यायचे.

आज समोर जावई होता. मोबाइल दुरुस्तीच्या आपल्या दुकानात, काचेच्या काउंटरमागे, पोटं उघडून टाकलेल्या मोबाइलांच्या ढिगात. सकाळी लेक माहेरी आली ती फाटका ओठ घेऊन. नवऱ्याचा मोबाइल वाजला, तिनं उचलला, एवढाच तिचा गुन्हा. त्यानं त्याच मोबाइलनं तिचं तोंड फोडलं आणि मग रक्त पुसून बघितलं, काचेला चीर तर गेली नाही?

"जावईबापू," लोहार म्हणाला, "हातातला मोबाइल बाजूला ठेवा. उगाच फुटेल."

"बाबा, आधी बसा तर खरं. बसून बोलू."

"काका, मारा खुशाल," दारातलं एक गिऱ्हाईक घाईघाईनं पुढे आलं, "पण माझा मोबाइल तेवढा आधी काढून द्या. त्याच्याशिवाय मला माझ्या घरचा पत्तासुद्धा आठवत नाही."

लोहारानं मशीन काढलं आणि मागे न बघता मागे धरलं. तिथे तळहात असतोच.

आज नव्हता. लोहारीण दोन्ही हात काखेत घालून उभी होती. लोहारानं वळून डोळे वटारले, तशी तिनं हात बाहेर काढला, मशीन उचललं आणि त्याच्याच कानात परत बसवलं. चांगलं दाबून, खिळा ठोकावा तसं.

"आज कानात ठेवून मारा."

"अगं, फुटेल ना!"

"फुटू दे."

जावयाला वाटलं, सासूबाई सोडवायला आल्यात. "आई, तुम्ही तरी समजवा ना यांना!"

"समजावतेच आहे," ती म्हणाली.

पहिला फटका जबड्यावर बसला आणि जावयाआधी लोहारच दचकला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला होता. कुणी काय मोडलं म्हणून त्यानं वळून पाहिलंसुद्धा. मग त्यानं दुसरा हाणला. जावई काउंटरसकट आडवा झाला. काचा फुटल्या, मोबाइल चहूकडे उधळले. गिऱ्हाईकं धावली, पण जावयाकडे नव्हे. गुडघे टेकून जो तो आपापला शोधू लागला. ज्याला घरचा पत्ता आठवत नव्हता त्यानं तर जावयाच्या पाठीखालून आपला उपसून काढला, रक्त विजारीला पुसलं आणि म्हणाला, "चालू आहे, चालू आहे!"

लोहारानं जावयाच्या हातावर पाय दिला. काचेतला हात. कुरकुर वाजली ती काच की हाड, कळेना.

"नका... नका ना हो... नका..."

तिसरा फटका मारायला वर गेलेली मूठ वरच राहिली. लोहारानं जन्मभर माणसांची तोंडं उघडताना पाहिली होती. उघडायची, मिटायची, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. त्यातून असलं काही बाहेर पडत असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. एवढा थोरला बाप्या, आणि आवाज तान्ह्या पोराचा.

वरची मूठ हळूहळू खाली आली. त्यानं बायकोकडे पाहिलं.

घरात दोघांशिवाय तिसरं कुणी नसायचं, तेव्हाही तो मशीन काढायचा. तेव्हाही ते तिच्याच तळहातावर ठेवायचा. आणि मार खाता खाता ती ते जपायची. पडली तरी मूठ वर धरून पडायची.

"तूपण..." त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "तूपण असंच...?"

"मग काय गाणी म्हणत होते?" ती म्हणाली. "मूठ तोंडाशी धरून ओरडायचे. म्हटलं, तुम्हाला नाही तर नाही, तुमच्या मशीनला तरी ऐकू जाईल."

गिऱ्हाईकं आपापला मोबाइल छातीशी धरून उभी होती. खाली जावई कण्हत होता. लोहारीण काचा तुडवत नवऱ्याच्या पुढ्यात आली आणि तिनं तळहात पसरला.

"आणा," ती म्हणाली. "द्या आता इकडे."

ज्याला बघून गल्ली रिकामी व्हायची, तो लोहार एक पाऊल मागे सरला. आणखी एक. पाठ भिंतीला लागली, तसा त्यानं आपला भला थोरला पंजा कानावर घट्ट दाबून धरला.

पंजाखाली मशीन किंचाळायला लागलं. बारीक, लांबलचक. गल्लीनं ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. लोहार पहिल्यांदा ऐकत होता.