घरची चव

“सध्या बाहेर जेवायला येणाऱ्यांनाही घरचंच हवं असतं,” नवा मेनू ठरवून द्यायला आलेल्या सल्लागार बाई म्हणाल्या. “तुमच्या आईंचा एखादा पदार्थ ठेवा. ‘आईच्या हातचं’ म्हणून.”

हॉटेलमालकाला लगेच आईचं मसुराचं सूप आठवलं. त्याने तिला फोन करून कृती विचारली आणि आचाऱ्याला सांगितली. पण पातेल्यामागून पातेली झाली तरी त्याचं आपलं एकच, “छान झालंय, पण हे ते नव्हे.”

शेवटी आचारी वैतागला. “साहेब, आईंनी सांगितलं त्यात चिमटीचाही फरक केलेला नाही. आता त्यांनाच बोलवा, म्हणजे मी सुटलो.”

आई आली. भटारखान्यात उभ्या उभ्याच तिने चमचाभर सूप चाखलं. “अगदी माझंच आहे की!”

आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. मालक मात्र अडूनच बसला. “नाही गं आई. तुझं चांगलं दाट असायचं. आणि त्याला तो किंचित करपट वास यायचा, तोच तर मला आवडतो. काहीतरी सांगायचं राहिलंय तुझं.”

आईने चमचा खाली ठेवला.

“काही राहिलेलं नाही रे. गॅसवरून नुकतंच उतरवलेलं तू कधी खाल्लंस? हॉटेल बंद करून तू घरी येईपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा गरम करत बसायचे.”