ठासणीची बंदूक

"आजपासून आपल्या खेळात बंदूक!" कुमारनं जाहीर केलं, आणि स्वरूप-शेफालीनं अशा टाळ्या पिटल्या की खाली मोबाईलच्या दुकानात बसलेल्या कुमारच्या वडिलांनी वर हाक मारली.

भोरच्या स्टँडसमोरच्या त्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी हा डाव बसायचा. कुमार गोष्ट रचायचा, संकटं आणायचा. बाकीचे आपापलं पात्र चालवायचे, आणि जगणं-मरणं फाशावर. तलवारी होत्या, मंत्र होते, राक्षस तर पैशाला पासरी. तेच तेच मारून सगळे कंटाळले होते. सगळे म्हणजे आरती सोडून.

"साधी न्हाई, ठासणीची बंदूक," कुमार रंगात आला. त्याच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी परवान्याची तसली एक होती. निवडणूक आली की ती पोलीस चौकीत जमा व्हायची आणि आजोबा लेक सासरी धाडल्यासारखे उदास बसायचे. "आधी दारू, मग गोळी, मग गजानं ठासायचं. एक बार काढला की पुढच्या पाळ्या भरण्यात जाणार. पावसात फुसकी. पण लागली तर चिलखत-बिलखत काय चालायचं न्हाई."

"म्हंजे लांबनं मारायचं?" आरतीनं विचारलं.

"व्हय. दिसायच्या आधीच."

"मग नको. आपल्यात मारणारा समोर तरी येतो."

"अगं, खेळ हाय हा!" शेफाली हसली. बंदुकीच्या बाजूनं हात वर झाले आणि आरती एकटी पडली.

ती दोन पात्रं चालवायची. एक तिची स्वतःची वैदीण आणि दुसरा तलवारबाज भैरू. भैरू खरा तिच्या भावाचा, हनुमंतचा. हनुमंत फौजेत भरती झाला तेव्हा कुमार भैरूला खेळातून काढून टाकणार होता. आरती भांडली होती, "माणूस नोकरीला गेला म्हणून त्याच्या वाटणीचं रान पडीक ठेवतात व्हय?" शेवटी भैरू तिच्या वाट्याला आला. हनुमंतनं अट एकच घातली. भैरू सगळ्यांच्या पुढं चालला पाहिजे.

आता हनुमंतची नेमणूक सीमेवरच्या चौकीवर होती. आईला धीर देता देता आरतीचीच झोप उडाली होती. भैरूला नुसता ओरखडा उठला तरी तिचा रविवार नासायचा. हे खूळ आहे हे तिला कळत होतं, पण कळून काही उपयोग नव्हता.

कुमारनं कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या नकाशावर बोट ठेवलं. "घाट लागला. दोन्ही अंगाला झाडी. वरच्या बाजूला कायतरी चमकलं. कोण कुठं हाय? पुढं भैरू, नेहमीसारखा?"

"न्हाई," आरती म्हणाली. "भैरू शेवटाला. पुढं माझी वैदीण."

"हनुमंतदादाला चालंल का?" स्वरूपनं विचारलं.

"त्याची चाल कोण खेळतंय? मी का तू?"

कुमारनं फासा टाकला. तो घरंगळत वाटीला अडला आणि सगळ्यात वरचा आकडा दाखवून थांबला. वरनं बार झाला आणि वैदीण जागेवर पडली. खेळात कुणी मेलं की गलका व्हायचा.  आज मात्र ज्यानं एवढ्या हौसेनं बंदूक आणली त्या कुमारचंच तोंड उतरलं.

"परत टाकू का?" त्यानं विचारलं.

"नको. पडला तो पडला." आरतीनं आपल्या हातानं वैदिणीचं नाव खोडलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला हलकं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

शेफाली चहा ओतत होती तेवढ्यात आरतीचा मोबाईल वाजला. रेंज मिळाली की हनुमंत रविवारी याच वेळेला फोन करायचा. आरतीनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा नकाशावर ठेवला.

"भैरू कुठं पोचला?" आईची चौकशी याच्यानंतर, हे ठरलेलं.

"घाटात. दादा, खेळात बंदूक आलीये आजपासनं."

"अरे वा! मग? पुढं हाय ना त्यो?"

माडीवर कुणी कुणाकडे बघेना. आरतीनं फोन जवळ ओढला. "न्हाई दादा. म्या त्याला मागं ठेवलाय. सगळ्यांच्या मागं."

ती ओरडा खायच्या तयारीत बसली. पलीकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला. फोन कटला की काय म्हणून कुमार वाकून बघू लागला.

"राहू दे तितंच," हनुमंत म्हणाला. मग एकदम हळू आवाजात, "आजून जरा मागं घेता आला तर बघ."