अवधूतचा ठिपका

“भावोजी, तुम्ही थांबलात की हो!” आश्लेषा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कब्बन पार्कजवळ केव्हाचे उभे आहात. दमलात का?”

अवधूत सोफ्यावर पाय पसरून पडला होता. उजव्या गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी. “मी नाही दमत,” तो म्हणाला. “तुझा नवरा दमला असेल.” यावर दोघंही खो खो हसली.

गंमत अशी होती की धावत होता एक आणि नाव होतं दुसऱ्याचं. अवधूतच्या गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला होता. फिजिओथेरपिस्टनं पळणं साफ बंद करायला सांगितलं, तरी हा पठ्ठ्या वेदनाशामक गोळ्या खाऊन, पट्टा आवळून, चोरून पळतच राहिला. शेवटी गेल्या रविवारी गुडघा नारळाएवढा सुजला आणि जिना उतरणंही मुश्कील झालं. पण राजाजीनगरच्या त्या फ्लॅटच्या भिंतीवर मॅरेथॉनची नऊ वर्षांची नऊ मेडलं लटकत होती. दहावं चुकवायचं? छे, भलतंच काय!

मग कामी आला प्रणीत, अवधूतच्या बायकोचा, नीलिमाचा धाकटा भाऊ. नुकताच नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आलेला. रात्री तो आणि त्याची बायको आश्लेषा इथेच मुक्कामाला आले होते. पहाटे अवधूतचा नंबर प्रणीतच्या टी-शर्टवर लागला, अवधूतचं जीपीएसवालं घड्याळ प्रणीतच्या मनगटावर चढलं, आणि आश्लेषाच्या मोबाइलवरच्या नकाशात ‘अवधूत’ नावाचा निळा ठिपका पळू लागला. प्रणीतचा स्वतःचा मोबाइल घरीच चार्जिंगला होता.

“माझ्या टायमिंगमध्ये आण हं,” अवधूतनं दारातच बजावलं होतं. “तरणाबांड आहेस, मध्ये चालायचं नाही.” प्रणीत एवढं अंतर याआधी कधी पळाला नव्हता. पण बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? तो मान डोलावून निघाला होता.

“पाणी पीत असेल बिचारा,” असं म्हणत आश्लेषा पुन्हा आत गेली. चटणीसाठी मिक्सर घरघरू लागला. तेवढ्यात बाहेर अवधूतसमोर बसलेल्या नीलिमाचा फोन वाजला.

पलीकडची मुलगी आधी कन्नडमध्ये बोलली, मग घाईघाईनं हिंदीत. “अवधूत सरांच्या मिसेस ना? मॅरेथॉनच्या मेडिकल टीममधून बोलतेय. सर पडलेत. डोकं दुभाजकावर आपटलंय. शुद्ध नाहीये.”

नीलिमा चक्क हसली. “काहीतरीच काय! तो तर इथे माझ्यासमोर...”

मग तिला प्रणीतच्या टी-शर्टवरचा नंबर आठवला.

“मॅडम, ऐकताय ना? ॲम्ब्युलन्समध्ये घेतोय. नंबरच्या मागे सरांनी लिहिलंय की आजार नाही, कसलीही ॲलर्जी नाही. हॉस्पिटलला तेच कळवते.”

“पेनिसिलिन!” नीलिमा किंचाळली. “पेनिसिलिन देऊ नका त्याला! लहानपणी त्या एका इंजेक्शननं मरता मरता वाचलाय तो.”

“पण मॅडम, इथे तर सरांच्या हातानं...”

अवधूत ताडकन उठला. मटारची पिशवी खाली पडली आणि फुटली. चेहरा पांढराफटक. लंगडत लंगडत तो तिच्यापर्यंत आला आणि त्यानं फोनवर तळवा दाबला. देवा, आता हा तरी सगळं सांगून टाकेल, असं नीलिमाला वाटलं.

“ॲलर्जी सांगितलीस ना? बास झालं,” तो कुजबुजला. “नाव नको सांगू. माझ्या नंबरवर दुसरा पळाला हे कळलं, तर कायमचं बाद करतील मला.”

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. “काय म्हणालास?”

त्यानं पुन्हा तेच सांगितलं. अगदी त्याच शब्दांत, थोडं सावकाश.

लाज नाही वाटत, असं नीलिमाला ओरडावंसं वाटलं. पण तिनं त्याचा हात झिडकारला आणि फोन कानाला लावला.

“ऐका. तो अवधूत नाही. प्रणीत नाव आहे त्याचं. माझा सख्खा भाऊ आहे. नंबरच्या मागे लिहिलंय त्यातलं काहीच त्याचं नाही. रक्तगटसुद्धा नाही. एकही अक्षर खरं धरू नका.”

मग ती मुलगी कुणाला तरी कन्नडमध्ये ओरडून काहीतरी सांगू लागली. परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. “मग यांच्या मिसेस कुठे आहेत? त्यांना लगेच हॉस्पिटलला आणा, मॅडम. लगेच.” हॉस्पिटलचं नाव सांगून तिनं फोन ठेवला.

नीलिमा आतल्या दाराकडे वळली, पण उंबऱ्याशीच थांबली. काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? अवधूत भिंतीला धरून उभा होता. जमिनीवर मटार घरभर पसरले होते.

मिक्सर बंद झाला.

“सुटला, सुटला!” आश्लेषा धावतच बाहेर आली. एका हाताला चटणी लागलेली, दुसऱ्या हातात मोबाइल. “ताई, बघा तरी! भावोजी, काय पळताय हो तुम्ही! आता नक्की येणार तुमचं टायमिंग!”

तिनं मोबाइल अवधूतच्या नाकासमोर धरला. निळा ठिपका चौकामागून चौक मागे टाकत सुसाट निघाला होता. अवधूतनं डोळे मिटून घेतले.

आश्लेषानं मोबाइल स्वतःकडे वळवला. जरा जवळ धरला.

“अगंबाई,” ती म्हणाली, “पण रस्ता सोडून तुम्ही हे कुठे निघालात?”